सेराफीन आत्याची रिकामी चौकट

सेराफीन मर्क्रेडी ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्याबद्दल काहीतरी लिही म्हणून गावानं माझ्यामागे लकडा लावला आहे. मी शाळेत आमची भाषा शिकवते ना, मग ज्याला चार ओळी लिहिता येतात त्याच्याच गळ्यात असली कामं पडायची. लिहिते. पण आधीच सांगते, मी दमले आहे, त्यामुळे फार गोडगोड लिहिणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. आत्याला तरी ते कुठे आवडलं असतं म्हणा! तीही दमलेलीच होती. शेवटची पाच-सहा वर्षं उठता-बसता तिच्या तोंडी एकच, "पुरे झालं गं बाई."

आत्यानं आयुष्यात पुष्कळ कामं केली. जाळी विणली, कॅरिबू हरणाचं मांस वाळवलं, कातडी धुरावर कमावली, सहा पोरं वाढवली. पण उत्तरेकडच्या आमच्या या सरोवराच्या काठावर तिला ओळखतात ते एकाच कामासाठी. सत्तावीस वर्षं ती क्रियापदं सांगत होती.

हसू नका. आमची क्रियापदं म्हणजे ओल्या हातातला मासा. 'तो' म्हणताना जे व्यंजन ठणठणीत ऐकू येतं, तेच 'मी' म्हटलं की गिळलं जातं. 'आपण दोघं' म्हटलं की मऊ 'ल' टणक होऊन 'द्ल' म्हणून बाहेर पडतो, 'झ'चा 'द्झ' होतो. एकावरून दुसरं काढायला जावं तर दहातली सहा बरोबर येतात आणि उरलेली चार तोंडघशी पाडतात. माझ्या पिढीनं यावर सोपा उपाय शोधला. एकच व्यंजन सगळीकडे दामटून म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. म्हातारी माणसं आमचं ऐकून मान फिरवायची, बिचारी काही बोलायची नाहीत. जे तंबूत जन्मले, कुत्र्यांच्या गाडीमागे धावत मोठे झाले, त्यांच्याच जिभेवर ही अक्षरं आपसूक बदलायची. त्यांतली गावात उरली होती तीन, मग दोन, मग एकटी आत्या.

ही क्रियापदं उतरवून घ्यायला दक्षिणेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातून टोबायस आला. आला तेव्हा सव्वीस वर्षांचा, डोक्यावर हे एवढं केसांचं टोपलं. आता टक्कल आहे. त्याच्या वहीत एका क्रियापदाला एक पान, आणि पानावर चौकटी आखलेल्या: मी, तू, तो, आपण दोघं, तुम्ही, ते. प्रत्येक चौकट भरायची. दर वेळी तो विचारायचा, "आणि आपण दोघं?" गावातल्या पोरांनी त्याचं नावच 'आपणदोघं' ठेवलं. दुकानात ब्रेड घ्यायला गेला तरी मागून आरोळी यायचीच, "ए आपणदोघं, लोणी घेतलंस का?"

आता घोडं कुठे अडलं ते सांगते. आमच्या जुन्या माणसांची एक रीत आहे. जे आपण स्वतः केलं, पाहिलं, सोसलं, त्याच्याबद्दलच 'मी' म्हणायचं. बाकी सगळं 'म्हणे' लावून. ही रीत अनेकांनी सैल केली, पण आत्यानं नाही. टोबायस पहिल्या दिवशी म्हणाला, "सेराफीनबाई, 'मी वल्हवते' म्हणून दाखवा." आत्या म्हणाली, "मी कुठे वल्हवतेय? मी तर खुर्चीत बसलेय."

"नाही हो, समजा."

"समजा कशाला? सरोवर काय लांब आहे?"

आणि खरोखर ती उठली, होडीत बसली, त्याला बसवलं, मधोमध नेऊन थांबली आणि म्हणाली, "हं. आता घे तुझं." त्या दिवशी एक चौकट भरली. टोबायसला सपाटून सर्दी झाली.

असं सत्तावीस वर्षं चाललं. 'मी शिवते'साठी तो जोडे शिवून होईपर्यंत शेजारी बसला. 'मी नाचले'साठी ढोलांच्या नाचात तिच्यामागून आवाज टिपायचं यंत्र घेऊन गोल गोल फिरला, सगळं गाव पोट धरून हसलं. 'मी मारलं' विचारलं तेव्हा मात्र आत्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. आतून बोनिफास काका, म्हणजे तिचा नवरा, ओरडला, "खरं आहे बरं का! लिही, लिही!" जे तिनं केलं नव्हतं त्याचं 'मी' तिनं दिलं नाही. पोहणं तिला येत नव्हतं, ती चौकट दुसऱ्या म्हातारीकडून भरून घेतली. तेव्हा दुसऱ्या म्हाताऱ्या होत्या.

मला तेव्हा या सगळ्याचा राग यायचा. मला शाळेत शिकवायला पुस्तक हवं होतं. मुलं विचारायची आणि मला धड सांगता यायचं नाही. माझीच भाषा आणि माझीच जीभ अडखळणार! मी आत्याला म्हणायची, "अगं, नुसतं म्हटल्यानं काय जीभ झडते?" ती म्हणायची, "तुला घाई आहे, तर तू म्हण." मला येत असतं तर म्हटलंच नसतं का?

होता होता सगळं पुस्तक भरलं. एक पान सोडून.

देणं हे आमच्याकडे एक नाही. गोल वस्तू द्यायची तर एक क्रियापद, भरलेला कप द्यायचा तर दुसरं, कापड द्यायचं तर तिसरं. आणि जिवंत काही, म्हणजे मूल, कुत्रा, माणूस, हातानं उचलून दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर त्याचं अगदी वेगळं. त्या शेवटच्या देण्याच्या पानावर 'तू' होतं, 'तो' होतं, 'तुम्ही' आणि 'ते'ही होतं. 'मी' रिकामं, आणि 'आपण दोघं'ही रिकामं. हे पान निघालं तोवर विचारायला दुसरी म्हातारी उरली नव्हती. टोबायसनं पंधरा वर्षांत ते पान किती वेळा पुढे केलं असेल, देव जाणे. दर वेळी आत्या म्हणायची, "पुढचं घे."

आम्हाला वाटलं, हिनं कधी कुणाला जिवंत काही दिलंच नसेल. तसं बघितलं तर सहा पोरांच्या आईनं आपलं पोर कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही, हे कसं शक्य आहे? पण खरंच, ती देत नसे. पोर कुणाला घ्यायचं असेल तर ती त्याला जमिनीवर ठेवायची आणि म्हणायची, "घे उचलून." हा तिचा एक चमत्कारिकपणा म्हणून आम्ही सगळे धरून चाललो होतो.

सत्ताविसाव्या वर्षी हिवाळ्यात आत्याची फुप्फुसं गेली. नाकात नळी, बाजूला प्राणवायूचं नळकांडं. दवाखान्यातली नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, "रोझेल, सरोवराचं बर्फ फुटेपर्यंत काढतील, पुढचं मी सांगत नाही." मी टोबायसला फोन केला. तो मार्चमध्ये मंगळवारच्या विमानानं आला, शुक्रवारच्या विमानानं परत जाणार होता. पुस्तक छापायला जायचं होतं. ती एक चौकट आत्याच्या तोंडून भरली तर भरली. तिच्यानंतर ते अक्षर जिभेवर असलेलं माणूस गावात उरणार नव्हतं. टोबायसनं तिथे पेन्सिलीनं आपला अंदाज लिहून ठेवला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह.

बुधवारी मी शहाणपणा केला. शेजारच्या मॉडेस्टच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. त्यातलं एक गुबगुबीत उचलून आणलं आणि आत्याच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "हे घे. आता हे टोबायसच्या हातात दे आणि काय ते म्हण. खरंच दिलंस, खरंच म्हटलंस. झालं! सुटलो सगळे."

मला वाटलं, ती हसेल. टोबायसनं हातही पुढे केले होते.

आत्यानं पिल्लाकडे पाहिलं. ते तिच्या बोटाला चाटत होतं. तिनं त्याच्या पोटाखाली हात घातला, जरासं उचललं. नळीतून श्वासाचा आवाज वाढला. पिल्लू तिनं वाकून जमिनीवर ठेवलं, वाकताना केवढे कष्ट पडले तिला.

"उचल ते," ती मला म्हणाली. "आणि चालती हो."

पन्नास वर्षांत आत्या मला कधी असं बोलली नव्हती. मी पिल्लू घेऊन बाहेर आले आणि दारात रडले. खोटं कशाला सांगू, मला तिचा राग आला होता. म्हटलं, एवढ्याशा शब्दासाठी म्हातारी अडवून बसलीय, मरेल पण सांगणार नाही. असंच म्हटलं मी मनात.

गुरुवारी दुपारी तिनंच बोलावणं पाठवलं. टोबायस आधीच येऊन बसला होता. चहा झालेला होता. मी स्टुलावर बसले.

"तुझं यंत्र चालू कर," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू इझिडोरचं काय ऐकलंयस?"

इझिडोर म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ, लहानपणीच गेलेला. मी म्हटलं, "हेच की त्याला क्षय झाला. सरकारच्या विमानानं दक्षिणेकडच्या इस्पितळात नेलं. तिकडेच वारला."

"नेलं," आत्या म्हणाली. "हं. घरात सगळे तसंच म्हणायचे. आई, बा, सगळे. नेलं."

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला.

"चोपन्न सालचा उन्हाळा. बा पलीकडच्या बेटावर जाळ्यांना गेला होता. तुझा बाप आईच्या अंगावर पीत होता. विमान पाण्यावर उतरलं. पाद्री तंबूशी आला. म्हणाला, पोराच्या छातीत डाग आहे, आज धाडला नाही तर उरलेल्यांना लागेल. आई ऐकत होती. उठलीच नाही. म्हणाली, सेराफीन, माझे हात उठत नाहीत गं, तू ने."

"आत्या, राहू दे," मी म्हटलं.

"गप्प बस. आयुष्यभर राहूच दिलंय." तिनं नळी सारखी केली. "मी बारा वर्षांची. कडेवर घेतला त्याला. चारचा होता, पण जड. मीच भरवायची ना त्याला. कमरेपर्यंत पाण्यात गेले. विमानातल्या माणसानं हात खाली केले, मी वर उचलला. तर हा माझी मान सोडेना. म्हणाला, तू मागून येतेस ना? मी म्हटलं, हो, येते मी. तेव्हा सोडली."

टोबायसनं पेन्सिल खाली ठेवली.

"दोन वर्षांनी पाद्र्याकडे पत्र आलं. कुठे पुरला तेही कुणाला ठाऊक नाही. आणि घरात आपलं 'नेलं, नेलं'. सरकारनं नेलं, विमानानं नेलं. अगं, सरकार काय पाण्यात उतरलं होतं? हात माझे होते." तिनं ते हात पांघरुणावर ठेवले आणि बघत राहिली. "आणि ते 'येते मी'. गेले कुठे मी? काठावर उभी राहिले. तेवढं एक 'मी' मी खोटं बोलले. त्याच्यानंतर नाही बोलले."

काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं आम्ही समजत होतो की जुन्या माणसांची रीत हिच्या अंगात मुरली आहे. होडीत बसून वल्हवल्याशिवाय 'वल्हवते' म्हणत नाही म्हणून मी तिच्या नकला केल्या होत्या, अगदी शिक्षकांच्या सभेतसुद्धा. मला माझी इतकी लाज वाटली की डोळे वर करवेनात.

मग आत्यानं टोबायसकडे पाहिलं आणि आमच्या भाषेत ते वाक्य म्हटलं. 'मी माझ्या भावाला दुसऱ्याच्या हाती दिलं.' सावकाश, स्पष्ट, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. ते व्यंजन टोबायसच्या पेन्सिलीतलं नव्हतं. मला वाटलं होतं तेही नव्हतं. जिथे आम्ही दोघं घासून येणारं अक्षर धरून बसलो होतो, तिथे तिच्या तोंडून काहीच आलं नाही, ते पार गिळलेलं होतं. टोबायसनं खोडरबर काढलं, अंदाज पुसला आणि तिनं म्हटलेलं शाईनं लिहिलं. दोनदा खोडून पुन्हा लिहावं लागलं.

यंत्र चालूच होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच टोबायसनं पुढचा प्रश्न विचारला नाही.

शेवटी आत्याच म्हणाली, "विचार ना रे. तुझं ते आपण दोघं."

"नको, सेराफीनबाई."

"नकोच. ते नाहीच मुळी. आई तंबूत होती. मी एकटीच होते." आणि उशीला टेकून म्हणाली, "पुरे झालं. आता मला झोपू दे."

उदाहरण म्हणून पुस्तकात कोणतं वाक्य घालायचं, असं त्यानं जाताना मला हळूच विचारलं. पिल्लाचं घालू का? मी काही बोलायच्या आत आत्या डोळे मिटूनच म्हणाली, "झालं ते छाप."

मे महिन्यात, बर्फ फुटायच्या आठवडाभर आधी, ती गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. आम्ही रीतीप्रमाणे जाळ पेटवून त्यात तिच्या वाट्याचं अन्न घातलं, वाळवलेलं मांस, थोडी चरबी, तंबाखू. ढोल वाजले. मी फारशी रडले नाही. रडायला अंगात जोर लागतो.

सप्टेंबरात पुस्तकं आली. निळं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, आत चारशे बारा क्रियापदं. मी ज्याची वीस वर्षं वाट पाहिली ते पुस्तक खोक्यातून काढून मुलांना वाटलं आणि मला काहीही वाटलं नाही. रोज एक पान शिकवायचं, अक्षर कुठे मऊ, कुठे टणक, कुठे गिळायचं ते आत्याचा आवाज लावून ऐकवायचं, मग वर्गानं एका सुरात म्हणायचं. मुलांना गंमत वाटते. 'आपण दोघं'च्या वेळी शेजारच्याच्या गळ्यात हात टाकून ओरडतात. ठीक चाललं होतं.

ते पान डिसेंबरात आलं. मी टाळू शकले असते, पण टाळलं नाही. आत्याचा आवाज लावला. तिचा श्वास, नळीची घरघर, आणि मग ते वाक्य. मुलांनी पुस्तकात बोट ठेवून ओळ धरली. मी म्हटलं, "हं, माझ्यामागून." आणि माझं तोंड उघडेना. मी एकुलती एक, मला भाऊ नाही, मी काय म्हणणार होते?

पुढच्या बाकावर सेलेस्तीन बसते, आठ वर्षांची. तिनं हात वर केला.

"बाई, हे मी नाही म्हणणार."

"का गं?"

"आमच्या घरी छोटा भाऊ आहे. मी त्याला कुणाला दिलं नाही."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. चारशे बारा क्रियापदांत ही एकच चौकट अशी, जी मिळवायला आम्ही पंधरा वर्षं एका बाईच्या दारात बसलो, तिचं काळीज ओरबाडलं. तिचा उच्चार आता कायमचा राहिला, पुसला जाणार नाही. आणि मला एकदम वाटलं, तो यंत्रातच राहू दे. या पोरांना तो म्हणायची वेळ कधीही न येवो.

"नाही दिलंस तू," मी म्हटलं. "कुणीच म्हणायचं नाही ते. 'तू'ची ओळही सोडा, 'तो'चीही सोडा. पान उलटा."

बावीस मुलांनी एकदम पान उलटल्याचा आवाज झाला आणि आम्ही पुढचं क्रियापद घेतलं.